नववं पान

१२ जानेवारी

ओदी,

तू परदेशी करारावर कामाला जायला नाव दिलंस हे मला भाजीवालीकडून कळलं. बोटांचे ठसे झाले, छातीचा फोटो झाला, एप्रिलमध्ये जॉर्जियाला, ब्लूबेरीच्या मळ्यात. पोटच्या पोरीची बातमी गाजरांच्या पोत्यांवरून यावी, ठीक आहे. माझा नंबर तू फोनमधून बंद करून टाकलास, मग दोन्या काताशिवाय सांगणार कोण? दर गुरुवारी ती तुमच्या पारामोसच्या बाजाराला जाते. तिच्याच टोपलीत हे पत्र घालते आहे, कारण आपल्याकडच्या टपालावर भरवसा ठेवला तर हे तुझ्या पोरीच्या, ब्रिसेदाच्या लग्नात पोचेल.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं म्हणून तू आजवर काय केलंस, की आता थांबशील? पण इंग्लिश शब्दांवाचून जाऊ नकोस. सोबत पहिली तीन पानं पाठवते आहे. एकूण बारा आहेत, तुला माहीतच आहे. लहान असताना टेबलाखाली बसून तू माझे वर्ग ऐकायचीस आणि माझ्या पायांना सुतळी बांधून ठेवायचीस. तरी पद्धत पुन्हा सांगते, कारण ऐकणं वेगळं आणि शिकणं वेगळं.

दिवसाला सात शब्द. आठवा कितीही सोपा वाटला तरी घ्यायचा नाही. ज्या वस्तूचा शब्द, ती हातात धरून तो मोठ्याने म्हणायचा. मनातल्या मनात म्हटलेला शब्द ऐनवेळी तोंडात येत नाही. दुसऱ्या दिवशी परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि एकटा शब्द कधी पाठ करू नकोस. बादली शिकलीस की भर, ओत, सांडली, रिकामी, कडी हे सगळं गणगोत सोबत घे, म्हणजे एक विसरला तर दुसरा आठवून देतो. व्याकरणाच्या नादी लागू नकोस. ते मलाच येत नाही. अँतिग्वाच्या हॉटेलात चौदा वर्षं चादरींना इस्त्री करताना पाहुण्यांच्या तोंडून जे पडलं ते मी वेचलं, आणि तेवढ्यावर इथली त्रेचाळीस माणसं तिकडे कामाला लागली.

यंदा वर्गात बाराजण आहेत. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की सगळे फडक्यात एकेक वस्तू बांधून आणतात, पूर्वीसारखंच. मागच्या रविवारी दोन्या खुस्ताने फडक्यात जिवंत कोंबडी आणली. "सेन्यो, हिचा शब्द आधी सांगा, ही फार वेळ गप्प बसायची नाही." शब्द सांगेपर्यंत कोंबडीने टेबलावर आपलं काम उरकलं, तर म्हातारा लेमुस म्हणतो, "आता ह्याचाही शब्द सांगा की. मळ्यात हाच जास्त लागेल." तू असतीस तर हसली असतीस. मला अजून सगळे सेन्योच म्हणतात, म्हणजे मास्तरीण, जरी कुठल्याही शाळेने मला कधी दारात उभं केलं नाही.

ब्रिसेदाला कोणाकडे ठेवणार आहेस ते मी विचारत नाही.

पहिलं पान नुसतं नमस्कारांचं आहे. ते वाचलं नाहीस तरी चालेल.

तुझी आई

९ फेब्रुवारी

ओदी,

काता म्हणाली, तू ती पानं ब्रिसेदाला चित्रं काढायला दिलीस. देईनास. पाठीमागची बाजू कोरीच होती, आणि मुलीच्या हातात का होईना, घरात तर राहिली. ती आता सहा वर्षांची झाली ना? मी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिचा एकही दात पडला नव्हता.

आता चौथं ते आठवं पाठवते आहे. अवजारं, खोकी, वजनमापं, हवामान, मुकादम काय काय सांगेल ते. आणि त्यांच्याखाली एक वेगळं पान आहे, निळ्या दोऱ्याने बांधलेलं. ते नववं. ते ब्रिसेदाला देऊ नकोस.

ते पाहून तुला राग येईल, म्हणून आधीच बोलते. एवारिस्तोच्या कबरीपाशी तू सगळ्या वाडीसमोर मला म्हणालीस, "तू माझ्या नवऱ्याला फाइन म्हणायला शिकवलंस." तेवढं बोलून तू ब्रिसेदाला उचललंस आणि सासूच्या गाडीत जाऊन बसलीस. दोन वर्षं मी त्या वाक्याला उत्तर दिलं नाही. आज देते.

पहिल्या पानावर ते आहे, खरं आहे. हाउ आर यू विचारलं की फाइन म्हणायचं. सगळ्यांना मी ते शिकवलं. त्या जुलैच्या दुपारी कलिंगडाच्या मळ्यात मुकादमाने गाडीतूनच त्याला तसं विचारलं आणि तो फाइन म्हणाला, हे त्याच मळ्यावरच्या रिगोबेर्तोने मलाही सांगितलं, तुलाही सांगितलं. अर्ध्या तासाने तो दोन वाफ्यांच्या मधे पडला. तीन आठवड्यांनी पेटी आली. यातलं काहीही मी विसरलेली नाही.

पण नववं पानही मी तेव्हापासूनच लिहिलेलं होतं. डोकं, छाती, चक्कर, उलटी, दुखतंय, थांबा, सावलीत न्या. ते मी लपवून ठेवलं नव्हतं. पुरुषांनाच ते नको असायचं. तू त्यांचं बोलणं ऐकलं आहेस. दर ऑक्टोबरला मळ्याचा मालक पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं त्याची यादी पाठवतो, आणि ज्याने कुरकुर केली त्याचं नाव यादीत नसतं. म्हणून त्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं की दुखण्याचा शब्द शिकायचाच नाही. "येत असेल तर तोंडातून निसटेल, सेन्यो. येतच नसेल तर निसटणार काय?" निघायच्या आदल्या रविवारी प्रत्येकजण नववं पान घडी घालून माझ्या टेबलावर परत ठेवायचा. शुभ मानायचे ते. कोणी ठेवायला विसरला तर दुसरे त्याच्या वहीतून ओढून काढायचे. त्या पानांवर मी सोमवारी चूल पेटवायची.

त्यांनीच नको म्हटलं, ओदी. मोठी माणसं होती ती, घरंदारं असलेली. मी काय जबरदस्तीने त्यांच्या घशात शब्द कोंबायचे होते?

तू मात्र ते शीक.

तुझी आई

८ मार्च

ओदी,

नववं पान परत आलं. दोराही सोडलेला नव्हता.

कातासारखी बाई शोधून सापडणार नाही. पालथ्या टोपलीवर बसली, पाणी प्यायली, शालीने तोंड पुसलं आणि मग म्हणते, "हे बघा सेन्यो, मी कोणाच्या मधे पडत नाही. मी आपली गाजरं विकणारी बाई. पण तुमची लेक म्हणाली ते जसंच्या तसं सांगते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणाली, आईला सांगा, एवारिस्तोला तो शब्द येत असता तरी तो बोलला नसता. त्याचा स्वभावच तसा. मी दोन वर्षं उगाच आईवर आग पाखडली. तो कुढत राहणारा माणूस, मेला तोही कुढतच. आणि मलाही ते पान नको. मला यादीत नाव हवंय." मग आणखी थोडं पाणी प्यायली आणि म्हणाली, "आणि ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी पोरीला घेऊन येईन म्हणाली. जायच्या आधी एकदा."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तीनदा.

तू येणार आहेस. ब्रिसेदा येणार आहे. मी मधाच्या पावासाठी मध त्याच दिवशी बाजूला काढून ठेवला. मागच्या खोलीतली मक्याची कणसं हलवली, तुझी खाट मोकळी केली. तिच्यावर तुझ्या लग्नातलं पांघरूण घातलं. एका कोपऱ्यात कसर लागली आहे, पण ती बाजू भिंतीकडे करता येते. सात रात्री मला गाढ झोप लागली, दोन वर्षांत पहिल्यांदा.

नवव्या पानाचं मी काही म्हणत नाही. जशी तुझी मर्जी. मोठ्या काठाची टोपी मात्र घे.

वाट पाहते.

आई

२१ मार्च

ओदी,

हे पत्र काताला देताना मी तिला सांगणार आहे की तुझ्या हातातच दे, आणि तू वाचेपर्यंत तिथून हलू नकोस. ते वाचल्यावर रविवारी तू येणार नाहीस. तरी लिहिते आहे. दोन आठवडे मी स्वतःला समजावत होते की तू आल्यावर समोरासमोर सांगेन, जेवण झाल्यावर, मुलगी झोपल्यावर. मी मला ओळखते. समोर तू बसलेली असताना मी तुला पाव वाढला असता, परत वाढला असता, आणि तशीच जाऊ दिली असती.

एवारिस्तो बोलला नसता असं तू म्हणतेस. तो बोलला असता. तो शब्द मागायला माझ्याकडे आला होता.

तिसऱ्यांदा निघायच्या दोन दिवस आधी, बुधवारी दुपारी. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. टोपी हातात घेऊन फाटकापाशी उभा राहिला. लग्न होऊनही मला तो सेन्योच म्हणायचा, सासूबाई म्हणायला लाजायचा.

म्हणाला, "सेन्यो, एक मागायचं होतं. ते नववं पान द्याल?"

मी म्हटलं, "वेड लागलं काय? तुम्हीच सगळे शकुनाचं म्हणून परत ठेवून जाता."

"मागच्या वर्षी तिकडे दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा गुडघ्यावर बसलो. मुकादमाला वाटलं बुटाची नाडी बांधतोय. ओदीला सांगितलं नाही, ती जाऊच देणार नाही. या वर्षी असं झालं तर सांगता यायला हवं. मला पोर आहे, सेन्यो."

मी म्हटलं, "पान उरलं नाही. चुलीत गेलं." टेबलाच्या खणात चार पानं होती.

तो म्हणाला, "मग तोंडीच सांगा. सगळं नको, एकच. चक्कर."

तेव्हा मी हातातला कपडा झटकला आणि हसले. ओदी, मी हसले. म्हटलं, "चक्कर आली तर पाणी प्यावं, बाबा. भाषण कशाला करायचं? दोनदा यादीत नाव आलंय तुझं, ते घालवू नकोस. कोणी विचारलं तर काय म्हणायचं शिकवलंय मी?"

"फाइन," तो म्हणाला. तोही हसला. मी त्याला मक्याचे दोन उकडलेले तमाल दिले, त्याने उभ्यानेच खाल्ले, हात धुतले आणि गेला.

हे मी पाद्रीला सांगितलेलं नाही. रिगोबेर्तोला माहीत नाही. कबरीपाशी तू मला बोललीस तेव्हा तुला जेवढं माहीत होतं त्याहून माझा गुन्हा मोठा होता, आणि मी गप्प उभी राहिले, जणू माझ्यावरच अन्याय होतोय.

का केलं, ते सांगते. तुमच्या घराच्या छपरासाठी, ते वर्ष चुकलं तर छप्पर राहील म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. माझ्या भिंतीवरची ती पाटी तुला आठवते? यादीत परत नाव आलेल्यांची. त्रेचाळीस नावं, एकही न पुसलेलं. तेक्पानवरून लोक विचारत यायचे, "सेन्यो मेनाकडे शिकलेल्या माणसाला कधी माघारी धाडत नाहीत म्हणे." कुठल्या शाळेने मला दारात उभं केलं नाही, आणि माझ्याकडे पाटी होती. एवारिस्तोचं नाव पुसावं लागलं असतं तर ते पहिलं असतं. आणि माझ्या जावयाचं. म्हणून मी त्याला शब्द दिला नाही. एक शब्द. मला येत होता, आणि दिला नाही.

ती पाटी मी तो गेल्यावरही भिंतीवरच ठेवली होती. आज काढली. मागे भिंतीचा रंग वेगळा दिसतो आहे.

आता मुद्द्याचं. तुझा नवरा कुढणारा नव्हता. भित्राही नव्हता. त्याने आधीच विचार केला होता, आणि मदत कुठे मिळेल हेही त्याला बरोबर कळलं होतं. ती जागा वाईट निघाली. त्याच्याबद्दल तू मनात काही चुकीचं धरून ठेवू नकोस, आणि त्या चुकीवर भरवसा ठेवून तू गप्प राहू नकोस. यादी गेली तर जाऊ दे. माझा राग कर, हवा तेवढा कर, पण पान घे.

पुन्हा निळ्या दोऱ्याने बांधलं आहे. सातच शब्द ठेवले आहेत: पाणी, सावली, थांबा, चक्कर, दुखतंय, नाही, मदत. दुखणं काही फडक्यात बांधून आणता येत नाही, ही इतकी वर्षं माझी सबब होती. आणता येतं. आता मी वर्गात प्रत्येकाला विचारते, तुझ्या अंगाला आजवरचं सगळ्यात वाईट काय झालं, कुठे होतास, कोण जवळ होतं. तो सांगतो, आणि ते सांगतानाच त्याला शब्द देते. मागच्या रविवारी खुस्ताने तिच्या दुसऱ्या बाळंतपणाचं सांगितलं. म्हाताऱ्या लेमुसला विनोद सुचेना. तो शब्द त्या बाराजणांत आता कोणी विसरणार नाही.

तूही तसंच कर. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हण, आणि म्हणताना एवारिस्तो डोळ्यांपुढे आण. त्रास होईल. होऊ दे.

फिलोमेना

१७ ऑगस्ट

ओदी,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. लिहून पेटीत ठेवते आहे.

झावळ्यांच्या रविवारी मी संध्याकाळपर्यंत फाटक उघडं ठेवलं. मग मधाचा पाव फडक्यात बांधून गुरुवारी काताबरोबर पाठवला. ब्रिसेदाने खाल्ला आणि मध फडक्यावरून चाटला, एवढं काताने सांगितलं. तू काय म्हणालीस ते विचारलं तर ती गाजरं निवडायला लागली. तिने तोंड बंद ठेवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

काल रिगोबेर्तोचा फोन आला. तो यंदा तुमच्याच मळ्यात आहे, खोकी भरायला, हे मला माहीत नव्हतं. हॅलो वगैरे काही नाही.

"सेन्यो, तुमच्या पोरीने काल मळा बंद पाडला."

मी म्हटलं, "जिवंत आहे का?"

"ती? ती आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. ऐका तर. होयाबाखची ती टोमासा नाही का, बारीकशी? दुपारी एकला झुडपाला धरून उभी होती, आणि मग गेलीच खाली. आम्ही सगळे माना खाली घालून वेचतोय. खोटं कशाला बोलू, मीही. कोणी वर बघेना. ओदी उठली, आणि भर मळ्यात बोंब ठोकली. एकामागून एक सात शब्द, इंग्लिशमध्ये, पाढे म्हणावे तसे. संपले की परत पहिल्यापासून. मुकादम आधी हात हलवून म्हणाला, काही नाही, काही नाही, कामाला लागा. तर ही जाऊन त्याच्या गाडीसमोर उभी. तो हॉर्न वाजवतोय, ही ओरडतेय. शेवटी त्याने फोन लावला. अँब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास गेला असता तर संपलं होतं. आता शुद्धीवर आहे, बर्फ चघळतेय."

मग तो म्हणाला, "सेन्यो, आहात ना?" आणि मग आवाज खाली करून, "पण यादीचं आता काही खरं नाही हं. तिचंही आणि त्या टोमासाचंही. मुकादमाने नाव विचारून घेतलं."

फोन ठेवल्यावर मी अंगणात गेले. कपडे वाळत घालायची तीच दोरी अजून तिथे आहे. मी खूप रडले, आणि त्यात आनंद किती होता आणि बाकीचं किती, ते मला सांगता येणार नाही. पान तू घेतलं होतंस. सातही शब्द पाठ केले होतेस, मोठ्याने. एवारिस्तोच्या वाफ्यात ओरडायला कोणी नव्हतं. आणि जो त्याला स्वतःला ओरडता आला असता, तो शब्द मी खणात ठेवला होता. दोन्ही गोष्टी मला कालपासून एकदमच आठवतात.

शाबास, असं लिहावंसं वाटतं. पण ते म्हणायचा अधिकार मास्तरणीचा असतो.

आई

१५ नोव्हेंबर

ओदी,

तू ऑक्टोबरच्या शेवटी परत आलीस. यादीही आली. रिगोबेर्तोचं नाव आहे, तुझं नाही, टोमासाचं नाही. तो स्वतः सांगायला आला आणि टोपी फिरवत राहिला, जणू त्यानेच खोडलं.

सर्व संतांच्या दिवशी मी सकाळी लवकर कबरस्तानात गेले. तू माझ्याही आधी येऊन गेली होतीस. क्रूस नवा निळा रंगवलेला, रंग अजून हाताला लागत होता. झेंडूच्या पाकळ्या डोक्यापासून पायांपर्यंत घातलेल्या, कडेला ब्रिसेदाच्या हाताने वेड्यावाकड्या. माझी फुलं ठेवायला जागा नव्हती. मी ती बाहेर, पायवाटेच्या बाजूला ठेवली. एवारिस्तोला तोंडाने सांगितलं, जे तुला लिहिलं होतं ते सगळं. मग घरी आले.

गेल्या गुरुवारी काता आली ती न बसताच म्हणाली, "मी काही सांगणार नाही, कारण मला काही सांगितलेलं नाही. हे घ्या." निळ्या दोऱ्याने बांधलेला कागद. दोरा माझाच.

आत तेरा इंग्लिश शब्द होते, तुझ्या अक्षरात, जसे ऐकू आले तसे लिहिलेले. वर "आई" नाही. खाली नाव नाही. शेवटी एकच ओळ: "हे तुझ्या पानात नव्हते. आणि ते पान नववं ठेवू नकोस. पहिलं कर."

मी तो कागद किती वेळा वाचला ते सांगत नाही. तेरांतले अकरा मला येत होते. उन्हाचा झटका. पोटऱ्यांत येणारा गोळा. आपल्या वतीने त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस. लिहून द्या. माझं नाव असं आहे. असे. त्यातले दहा तर मला केव्हापासून येत होते आणि एकदाही शिकवावेसे वाटले नव्हते. दोन मात्र मी कधी ऐकलेच नव्हते.

आता माझी लबाडी ऐक. मला फार बरं वाटलं की दोन येत नाहीत. मी ठरवलं की कोणाला विचारायचं नाही. तुला पत्र लिहायचं: हे दोन शब्द काय आहेत ते तूच सांग, आल्याशिवाय मी पुढे शिकवणार नाही. मग तुला उत्तर द्यावंच लागलं असतं. कदाचित यावंही लागलं असतं. पत्र लिहूनही झालं होतं. पाकिटात घालताना लक्षात आलं की मी पुन्हा शब्द अडवून धरते आहे, माझ्या फायद्यासाठी, आणि समोरच्या बाकांवर दहाजण फेब्रुवारीत जायचे आहेत. ते पत्र चुलीत टाकलं.

रिगोबेर्तोच्या फोनमध्ये सगळं सापडतं. पहिला शब्द निघाला औषधाच्या फवाऱ्याने होणारी डोळ्यांची आग. दुसरा निघाला कामाच्या मधली हक्काची विश्रांती, दहा मिनिटांची, सावलीतली, जी मागितली तर मुकादमाला द्यावीच लागते. चौदा वर्षं मी हॉटेलात इस्त्री केली, तो शब्द माझ्या कानावर एकदाही पडला नव्हता. मुकादमाकडे विश्रांती मागायची, हे ऐकून वर्ग हसला.

आज ते पान पहिलं केलं. तेरा अधिक सात, तीन दिवसांत वाटून दिले. नमस्कार मागे गेले. दोन तरुण पुरुष पान घडी घालून टेबलावर ठेवायला लागले, तेव्हा मी त्यांना बसवलं आणि एवारिस्तोचं सांगितलं. फाइनपर्यंतच नाही, फाटकापाशी तो आला तिथपासून, दोरीवरचे कपडे, खणातली चार पानं, माझं हसणं, सगळं. कोणी माझ्याकडे बघेना. खुस्ताने तिचं पान उचललं आणि मोठ्याने वाचायला लागली, मग बाकीच्यांनी वाचलं. तीनजण वर्ग संपल्यावर निरोप न घेता गेले, ते परत येतील असं मला वाटत नाही. दोघांनी पान टेबलावरच ठेवलं. पण बाकीचे घेऊन गेले.

तेव्हा तेराही शब्द आता मला येतात. तुला विचारायचं माझ्याकडे काही उरलं नाही, आणि हे पत्र लिहायला निमित्तही उरलं नाही. तरी काता गुरुवारी जाणार आहे.

इतक्या पत्रांत मी तुला काय शीक, काय घे, कसं म्हण, हेच लिहिलं. एक गोष्ट विचारलीच नाही. ती आज विचारते.

कशी आहेस, ओदी?

फाइन असं लिहू नकोस.

आई